घर, फुले आणि पिस्तूल

दिवाळी अंक हाती आला की प्रथम मुखपृष्ठ पाहायचे, मग अनुक्रमणिका, मग हास्यचित्रे. आणि चित्रकलेवरचा एखादा लेख असलाच तर तो दुपारी झोप लागेपर्यंत वाचायचा, अशी आपल्या घराघरांतली वहिवाट आहे. मला तिच्याविषयी तक्रार नाही. मीही तेच करते. म्हणून या लेखाचा आरंभसुद्धा मुखपृष्ठापासूनच करते, म्हणजे वाचकांची झोप तेवढीच लांबेल.

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतरच्या काळात या अंकांनी मराठी घरात साहित्य नेले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी चित्रही नेले, ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवीत नाही. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी चित्रप्रदर्शनाची पायरी चढले नव्हते, त्यांच्या भिंतीवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर पोहोचले ते मुखपृष्ठांच्या वाटेने. त्या मुखपृष्ठांवर बहुधा एक स्त्री असे. तिच्या हातात निरांजन नाहीतर पणती, अंगावर जरीकाठी पातळ, केसांत फूल, आणि चेहऱ्यावर दिव्याचा उजेड. तिची वडीलबहीण म्हणजे सावळाराम हळदणकरांची ती दिवा आडोशाला धरून उभी असलेली स्त्री, 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ती आजही लोकांना खिळवून ठेवते. पुष्कळजण तिला रविवर्म्याची समजतात, पण ती आपल्या सावंतवाडीच्या माणसाने जलरंगात रंगवलेली आहे.

आमच्या गिरगावातल्या चाळीत, स्वयंपाकघरात पिठामिठाच्या डब्यांच्या वर, असेच एक मुखपृष्ठ खळीने चिकटवलेले होते. कोणत्या सालचे, कोणत्या अंकाचे, ते आता आठवत नाही, कारण मासिकाचे नाव धुराने केव्हाच खाऊन टाकले होते. बाई मात्र शाबूत होती. तिच्या बरोबर खाली बसून आई स्टोव्हला पंप मारीत असे. मी लहानपणी एकदा आईला विचारले होते, की ही बाई स्वयंपाक केव्हा करते? आई म्हणाली, "तिला काय, चित्रातली आहे ती."

हे सगळे मला आठवले ते लंडनमध्ये.

२०२५ सालच्या उन्हाळ्यात मी भाचीकडे गेले होते. तिच्याकडे तिच्या सासूबाईही आलेल्या होत्या. म्हणजे आमच्या विहीणबाई. सांगलीकडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले, आणि आता त्यांचा सगळा वेळ गोधड्या शिवण्यात जातो. परदेशात चार शनिवार पाहुणे म्हणून काढले की माणसाला कुठेही जायची तयारी होते. त्याप्रमाणे एका सकाळी भाची म्हणाली, "मावशी, अर्पिता सिंग यांचं प्रदर्शन लागलंय. फुकट आहे. येताय का दोघी?" फुकट या शब्दावर विहीणबाईंनी पिशवी उचलली.

केन्सिंग्टन गार्डन्स म्हणून तिथे मोठा राजबाग आहे, आणि त्यात सर्पंटाइन नावाचे वळणदार तळे. त्या तळ्यावरच्या पुलाच्या उत्तरेला 'सर्पंटाइन नॉर्थ' नावाची चित्रशाळा आहे. ही इमारत मुळात १८०५ साली बांधलेले दारूकोठार. नेपोलियनशी युद्ध चालू होते त्या काळातले. विटांच्या जाड भिंतींच्या दोन खोल्या मध्यभागी, आणि भोवती फिरणारा लांब दालनांचा वेढा. २०१३ साली झाहा हदीद या प्रख्यात स्थापत्यकर्तीने शेजारी पांढऱ्या लाटेसारखे छप्पर जोडून तिचे कलादालन केले. बंदुकीची दारू जिथे कोरडी ठेवीत तिथे आता चित्रे कोरडी ठेवतात. हा योग मला आत जाईपर्यंत निव्वळ गमतीचा वाटला होता.

प्रदर्शनाचे नाव 'रिमेम्बरिंग'. आठवण नव्हे, आठवणे; वस्तू नव्हे, क्रिया. २० मार्च ते २७ जुलै अशी त्याची मुदत होती. अर्पिताबाईंचे भारताबाहेरच्या एखाद्या संस्थेत झालेले हे पहिलेच एकल प्रदर्शन. त्या वेळी त्यांचे वय ८७. साठ वर्षांहून अधिक काळ चित्रे काढणाऱ्या बाईला परदेशाने दार उघडले ते या वयात, याबद्दल संताप करता येईल. पण त्यांची चित्रे पाहिल्यावर वाटते, की त्यांना दाराबाहेर जाण्याची घाई कधी नसावीच. त्यांचे सगळे लक्ष दाराच्या आत आहे.

थोडी चरित्राची माहिती. १९३७ साली बंगालमधल्या बरानगर येथे जन्म. वडील लहानपणी गेले. १९४६ साली आईबरोबर दिल्लीला आल्या; पाठोपाठ फाळणी झाली आणि त्या शहराचे जे झाले ते या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने पाहिले असणार. १९५४ ते १९५९ दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण. मग विणकर सेवा केंद्रात नोकरी. हातमागावरच्या कापडासाठी नक्षी तयार करायची. आपले प्रभाकर बरवेही याच विणकर सेवा केंद्राच्या वाराणसीच्या आणि पुढे मुंबईच्या शाखेत होते. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिणारे लोक पॅरिसच्या फेऱ्या बारकाईने मोजतात. या कापडाच्या कचेऱ्यांचा हिशेबही कुणीतरी एकदा मांडायला हवा. १९६२ साली परमजीत सिंग या चित्रकाराशी विवाह. पहिले एकल प्रदर्शन १९७२ साली दिल्लीत. मुलगी अंजुम, तीही चित्रकर्ती. ती २०२० साली आईवडिलांच्या देखत गेली.

हे शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळतो. पण घर आणि कुटुंब हा ज्या चित्रांचा विषय, त्यांच्याविषयी लिहिताना ते वगळणे बरे दिसले नसते.

आता चित्रे. घरात चित्र टांगायचे असेल तर आपण ज्यांना 'सुंदर' म्हणतो त्या सर्व वस्तू अर्पिताबाईंच्या चित्रात आहेत. फुले तर इतकी, की लग्नमंडप उभा राहावा. गुलाबी रंग, निळा रंग, ताटाला असते तशी चारी बाजूंनी किनार, चहाचे कप, फुलदाण्या, खुर्च्या, टेलिफोन, बदके. आणि त्यांच्याच मध्ये, त्याच आकाराची, तशाच मायेने रंगवलेली पिस्तुले, मोटारी, विमाने आणि काळे कोट घातलेले पुरुष. विमान बदकाएवढे, पिस्तूल कपाएवढे. प्रमाणाचा हा गोंधळ पाहून आमच्यामागे उभा असलेला एक तरुण आपल्या मैत्रिणीला हिंदीत म्हणाला, की असे तर माझा पुतण्याही काढतो.

हा आक्षेप जुना आहे, आणि तो धुडकावून लावणे मला पटत नाही. दलालांच्या रेषेची सवय असलेल्या डोळ्याला अर्पिताबाईंच्या बायका ओबडधोबड वाटतात. त्यांचे हात कुठून फुटतात कळत नाही, पाय जमिनीवर टेकत नाहीत; शागालच्या चित्रातल्यासारखी माणसे तरंगतात, पण शागालची माणसे प्रेमाने हलकी होऊन तरंगतात, आणि या बायका खाली जागा नसल्यामुळे. पुतण्या हे काढील का? मूल जेव्हा विमान बदकाएवढे काढते, तेव्हा त्याला दोन्ही सारखीच आवडलेली असतात. अर्पिताबाईंना विमान आवडलेले नाही. ते त्यांच्या घरात शिरले आहे. चहा ओतताना खिडकीतून जे दिसते, वर्तमानपत्रातून जे ताटाशेजारी येऊन पडते, टेलिफोनमधून जे कानात पडते, त्याला घरात दुसरा आकारच नसतो. ते कपाएवढेच होऊन येते. आपण सगळेच युद्धाच्या बातम्या पोह्यांबरोबर वाचतो.

पण हे सारे मला सुचण्याआधी विहीणबाईंनी एका भिंतीसमोर मुक्काम ठोकला होता. १९७० नंतरच्या दशकात अर्पिताबाईंनी माणसे काढणे जवळजवळ सोडून दिले होते, आणि कागदावर नुसते ठिपके आणि रेघा, शाईने, वर्षानुवर्षे काढल्या. एखाद्या गायकाने मैफली बंद करून नुसता षड्ज लावीत बसावे तसे. सामान्यतः प्रेक्षक अशा चित्रांपुढून चटकन सरकतात. मीही सरकलेच होते. विहीणबाई चष्मा कपाळावर चढवून कागदाच्या इतक्या जवळ गेल्या, की पहारेकरी खाकरला.

"हा धावदोरा आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "शाई आहे हो ती."

"शाई असो की काय असो. हात धावदोऱ्याचा आहे. हे बघा, इथं हात दमलाय, टाका लांब पडलाय. मग उठून काहीतरी काम करून आल्यात, आणि परत बारीक घातलाय."

मला हे समीक्षेचे वाक्य आजवर कुठल्याही कलानियतकालिकात वाचायला मिळालेले नाही. आणि ते खरे आहे! बंगालमधला कांथा म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवायचे, साडीच्याच काठातून रंगीत दोरे उसवून काढायचे, आणि धावदोऱ्याने सगळी जमीन भरून टाकायची. फुलापानांची, हत्तीघोड्यांची चित्रे त्यातच उमटतात. अर्पिताबाईंवर कांथ्याचा संस्कार आहे हे अभ्यासकांनी पुष्कळदा लिहिले आहे. पण 'संस्कार' म्हणजे नेमके काय, ते मला विहीणबाईंनी दाखवले. नक्षी उचलणे म्हणजे संस्कार नव्हे. कामाची लय उचलणे म्हणजे संस्कार. १९८० नंतर जेव्हा माणसे त्यांच्या चित्रात परत आली, तेव्हा ती या ठिपक्यांच्या जमिनीवर आली. तैलरंगाचे जाड, आखूड फटकारे जवळजवळ, एकमेकांना चिकटून, कुठेही रिकामी जागा न सोडता. म्हणूनच ती चित्रे ऊबदार दिसतात. आत काय गुंडाळले आहे ते नंतर कळते.

'देवी पिस्तूलवाली' हे १९९० सालचे चित्र प्रसिद्ध आहे. पांढऱ्या साडीतली एक प्रौढ बाई. तिला दोनांहून अधिक हात. एका हातात फुलदाणी, एका हातात पिस्तूल. नवरात्रात आपण ज्या देवीपुढे घट बसवतो तिच्याही हातात शस्त्रेच असतात. पण खड्ग आणि त्रिशूळ आता आपल्याला दागिन्यांसारखे वाटतात. पिस्तूल पाहून दचकायला होते, आणि मग आपण आजवर त्या खड्गाला का दचकलो नाही याचे नवल वाटते. मला या चित्रात पिस्तुलापेक्षा फुलदाणी महत्त्वाची वाटली. गोळी झाडायच्या क्षणीही तिने फुलदाणी खाली ठेवलेली नाही. ठेवली असती तर ती सूड घेणारी नायिका झाली असती, चित्रपटात शोभली असती. पण फुलदाणी कुणीतरी धरायला हवी, आणि घरात दुसरे कुणी नाही, म्हणून तिला जादा हात फुटले आहेत. देवीच्या अनेक हातांचा हा अर्थ शास्त्रीपंडितांना मान्य होईल की नाही सांगता येत नाही. सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला होईल.

काळ्या कोटातल्या पुरुषांबद्दल मात्र मी थोडी नाराज होते. ते सगळे एकसारखे. चेहऱ्याने, उभे राहण्याने. बायकांच्या देहावर अर्पिताबाई किती प्रेमाने वेळ घालवतात! सुटलेले पोट, ओघळलेले दंड, म्हातारपणी अंगाला येणारी ती सैल कातडी. निर्वस्त्र असोत वा झिरझिरीत साडीतल्या, या बायका कुणी पाहावे म्हणून बसलेल्या नाहीत, आंघोळ झाल्यावर दमून बसावे तशा बसल्या आहेत. एवढी समज असलेल्या चित्रकर्तीने पुरुषाला नुसता कोट द्यावा, हा अन्याय नव्हे का? मी हे विहीणबाईंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "आमचे हे चाळीस वर्षं सकाळी सव्वानऊला जायचे आणि सात वाजता यायचे. मला विचाराल तर मी त्यांचा कोटच जास्त पाहिलाय. गुंडी तुटली का, इस्त्री झाली का." मग थोडे थांबून म्हणाल्या, "निवृत्त झाल्यावर चेहरा दिसला. बरा होता." यावर मला उत्तर सुचले नाही. तरी माझा आक्षेप मी मागे घेत नाही. थोडा सैल करते.

आता १९९३ सालच्या 'माझी आई' या चित्राविषयी. त्याच्याविषयी लिहावे म्हणूनच खरे तर हा लेख मी संपादकांना कबूल केला, आणि त्याच्यापाशी येईपर्यंत वर इतका वेळ काढला.

चित्रात एक वृद्ध स्त्री उभी आहे. मोठी, एका बाजूला, आपल्या अगदी जवळ. खांदे किंचित वाकलेले. चेहऱ्यावर म्हणावा असा काही भाव नाही. आणि तिच्या मागे, तिच्या पाठीला लागून, शहर. रस्त्यावर माणसे धावताहेत, मोटारी आहेत, आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेली प्रेते ओळीने आहेत. रंग तेच, त्यांचे नेहमीचे, गोडसर. १९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी या देशात कसा गेला ते ज्यांना आठवते, त्यांना या रस्त्याचे नाव विचारण्याची गरज नाही.

आई त्या रस्त्याकडे पाहत नाही. तिची पाठ आहे. पहिल्यांदा या चित्राची छापील प्रत पाहिली तेव्हा मला तिचा राग आला होता, आणि तो राग अर्पिताबाईंच्या आईचा नव्हता.

१९९३च्या जानेवारीत माझे वडील मशीद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहीत असत. एके दिवशी दुपारनंतर ते घरी आले नाहीत. संचारबंदी लागली. आमच्याकडे टेलिफोन नव्हता. खालच्या मजल्यावर एकांकडे होता, तिथे दर तासाला मी जाऊन येत होते. रात्री दूरवर लाल उजेड दिसत होता आणि चाळीच्या गॅलरीत सगळी बिऱ्हाडे उभी होती. आई एकटी आत होती. तिने तांदळाचा मोठा डबा काढला, सूप घेतले, आणि ती तांदूळ निवडायला बसली. रात्रभर. निवडून झालेले परत सुपात घेऊन पुन्हा निवडले. मी पंचविशीची होते, रस्त्यावर काय चालले आहे त्याविषयी माझी काही मते होती, आणि ही बाई दाराकडे पाठ करून खडे वेचीत होती. मी तिला ओरडून म्हणाले, की तुला काहीच कसे वाटत नाही? तिने मान वर केली नाही. "जरा उजेडातून बाजूला हो," म्हणाली. "खडे दिसत नाहीत."

वडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. पेढीतच झोपले होते. आईने त्यांना पाणी दिले, आणि तिच्या हातातून तांब्या खाली पडला. एवढेच. मी ती रात्र तिच्या हिशेबात तीस वर्षे लिहून ठेवली होती: घराच्या पलीकडे हिला जग नाही. ती २०११ साली गेली तेव्हाही ते खाते मी मिटवलेले नव्हते.

'माझी आई' या चित्रात पाठ फिरवलेली आई आणि मागचा रस्ता यांच्यामध्ये भिंत नाही. हे मला छापील प्रतीत दिसले नव्हते. कुठेही खिडकी नाही, दार नाही, उंबरठा नाही. जे फटकारे तिच्या साडीचे, तेच पुढे जाऊन रस्त्याचे होतात, तेच प्रेतांवरच्या कापडाचे. एकच दोरा सगळीकडून ओवलेला आहे. ती रस्त्याकडे पाहत नाही कारण पाहायला मध्ये अंतर लागते, आणि तिला अंतर ठेवलेलेच नाही. ते सगळे तिच्या पाठीवर आहे. खांदे वाकले आहेत ते वयाने असे मी समजत होते.

मी कोणत्याही चित्रापुढे सहसा रडत नाही. समीक्षकाला ते शोभतही नाही. विहीणबाईंनी पिशवीतून हातरुमाल काढून दिला आणि काही विचारले नाही.

पुढच्या काळातल्या मोठ्या कॅनव्हासविषयी मला इतक्या आपुलकीने लिहिता येणार नाही. २००० नंतर अर्पिताबाईंच्या चित्रात अक्षरे, आकडे, रस्त्यांचे नकाशे येऊ लागले. 'माय लॉलीपॉप सिटी' (२००५) हे दिल्लीचे गोड गुलाबी शहर. 'बाय टू, गेट टू फ्री' (२००७) हे तर नावच दुकानाच्या पाटीवरचे. विनोद धारदार आहे, रंग अजून तसेच जिवंत आहेत. पण अक्षर आले की डोळा पाहायचे थांबतो आणि वाचू लागतो, आणि वाचू लागला की चित्रात हरवत नाही. ज्या बाईने फुलदाणी आणि पिस्तूल शब्दांवाचून एकत्र ठेवून दाखवले, तिला पाटीची गरज का वाटावी? अपवाद आहेत. फाटलेले कागद, चिठ्ठ्या आणि पट्ट्या यांतून सीतेचा शोध घेणारे २०१५ सालचे चित्र आहे. तिथे अक्षरे हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखी चिकटलेली वाटतात, आणि त्यांचे असणे पटते. याच काळाच्या सुरुवातीचे 'विश ड्रीम' नावाचे सोळा तुकड्यांचे प्रचंड चित्र २०१० साली लिलावात ९ कोटी ६० लाख रुपयांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी अर्पिताबाईंची दखल घेतली. किंमत कळल्यावर विहीणबाईंनी एवढेच विचारले, की मग त्यातून त्यांना किती मिळाले? लिलावात विकणारा मालक वेगळा असतो, चित्रकाराच्या पदरात त्यातले काही पडेलच असे नाही, हे मी समजावून सांगितले. त्यांनी गणिताच्या शिक्षिकेच्या नजरेने माझ्याकडे पाहिले. चूक जणू मीच केली होती.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. अर्पिताबाई एकट्या नव्हत्या. १९८७ ते १९८९ या काळात त्या, मुंबईच्या नलिनी मलानी, माधवी पारेख आणि नीलिमा शेख अशा चौघींनी मिळून 'थ्रू द लुकिंग ग्लास' नावाचे प्रदर्शन देशात ठिकठिकाणी फिरवले होते. घर, शरीर, मुले, स्वयंपाक, भीती, हे विषय 'बायकी' म्हणून बाजूला ठेवण्याचे दिवस होते. चौघींनी जलरंग निवडले. जलरंगाला मोठी खोली लागत नाही, मूल झोपल्यावर टेबलावर काढता येतो, आणि हाक आली की तसाच ठेवून उठता येते. कलेच्या इतिहासात माध्यमाची निवड हा फार गंभीर विषय समजला जातो. तिच्यामागे कधी कधी एवढे साधे कारणही असू शकेल, असा माझा तर्क आहे. त्या चौघींचा काय विचार होता ते त्यांनाच ठाऊक.

बाहेर आलो तेव्हा ऊन होते आणि सर्पंटाइनच्या पाण्यात खरीखुरी बदके होती. भाचीने डबा उघडला. पोळीचे तुकडे करता करता विहीणबाई म्हणाल्या, की त्या सुरुवातीच्या रेघांवरून त्यांना एक सुचले आहे. आजवर त्या गोधडीचा धावदोरा पट्टीने आखून सरळ घालीत होत्या, आता एकदा हात जाईल तसा घालून बघणार. "दमल्याचं दिसू दे की," म्हणाल्या.

ती गोधडी मी अजून पाहिलेली नाही. पण परवा त्यांचा सांगलीहून फोन आला. हा लेख दिवाळी अंकात येणार आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुखपृष्ठावर काय आहे हा. मी म्हटले, अजून ठरायचे आहे, बहुधा नेहमीप्रमाणे दिवा घेतलेली बाईच असेल. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. दिवाळीला दिवा हवाच. फक्त तिला चष्मा घालायला सांगा. आणि तिच्या पायांशी तांदळाचं सूप ठेवा."

निरोप मी संपादकांकडे पोहोचवला आहे.